गुलाबी बांध

"धाकटे, तो नको. तो हलतोय."

भावजींनी वर न बघताच सांगितलं. मी दगडावर टाच रोवून बघितली, तर खरंच हलत होता. म्हाताऱ्याच्या एका डोळ्यात फूल पडलंय, दुसऱ्यानं चार हातांपलीकडचं दिसत नाही, पण दगड हललेला त्यांना कानानं कळतो.

"मागून बारक्या दगडाची चिप मारते की," मी म्हटलं.

"चिपेनं बसतोय होय तो? आडवा पडलाय. लांबी आत घे, तोंड बाहेर ठेव. किती वर्षं सांगायचं?"

"सांगा की. सांगायला काय पैसे पडतात?"

भावजी हसले, खोकले आणि पुन्हा दगड चाचपायला लागले. भावजी म्हणजे माझे थोरले दीर. उतारावरचं वरचं शेत त्यांचं, खालचं माझं. मधे हा बांध. छातीएवढा उंच, ऐंशी पावलं लांब, नुसता दगडावर दगड. त्यात चुना नाही, सिमेंट नाही, काही नाही. माझ्या सासऱ्यांनी रचला आणि त्याच्यामागं टोपल्यांनी माती वाहून शेत केलं. त्याआधी तिथं खडक आणि मुरूम होता, शेळीसुद्धा तोंड घालत नव्हती. पाऊस पडला की पाणी दगडांच्या फटींतून झिरपून माझ्या शेतात उतरायचं आणि माती वरच राहायची. दर उन्हाळ्याच्या शेवटी जिथं बांधाला पोट सुटेल, म्हणजे मातीच्या रेट्यानं दगड बाहेर येतील, तेवढा तुकडा उतरवायचा आणि पुन्हा बसवायचा. आमचे हे होते तोवर दोघे भाऊ दगड बसवायचे आणि मी पाटी वाहायची. हे गेले, तशी मी पाटी ठेवली आणि पहार हातात घेतली. त्यालाही आता बारा वर्षं झाली. लोक म्हणाले, बाईमाणसाचं काम आहे का हे? म्हटलं, मग तुम्ही या. कोण आलं नाही.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली आणि चकाचक आला. हा भावजींचा एकुलता एक. आईबापानं नाव ठेवलंय, पण गाव त्याला चकाचकच म्हणतं, कारण दोन वाक्यांत एकदा तो शब्द बाहेर पडल्याशिवाय त्याचं बोलणं पुरं होत नाही. मागच्या सीटवरून एक गडी उतरला. पायात असले बूट, की त्यांत आपलं तोंड दिसावं. तिकडं हमरस्त्याला नवीन हॉटेल होतंय, त्याचा तो मालक. उतरला तो सरळ बांधापाशी गेला आणि बाजारात बैल चाचपावा तसे दगड चाचपायला लागला.

"वा, वा! शेवाळ एकदम ओरिजिनल आहे."

"का? डुप्लिकेट पण मिळतं का?" मी विचारलं.

"मिळतं की ताई. स्प्रे येतो त्याचा. पण त्याला ही मजा नाही."

शेवाळाचा स्प्रे! ऐकूनच मला कसंतरी झालं. ज्याच्यावरनं आपण पाय घसरून पडतो, ते हे लोक फवारून घेतात.

"आप्पा," चकाचक बापाला म्हणाला, "हे सगळे दगड साहेब घेऊन जाणार. बदल्यात आपल्याला नवी भिंत बांधून देणार. सिमेंटची, प्लॅस्टर करून, रंग मारून. एकदम चकाचक!"

भावजींच्या हातात एक दगड होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, तसाच पोटाशी धरून उभे राहिले.

"कोणते दगड?"

"हेच की. बांधाचे."

"बांधाचे दगड बांधातनं काढून न्यायचे?"

"आणि नवा बांध बांधायचा. तेच तर सांगतोय."

मी म्हटलं, "का रे बाबा? ह्या बांधानं तुझं काय वाकडं केलंय?"

"काकी, तुला कळत नाही. पुढच्या महिन्यात मुलीकडची माणसं घर बघायला येणार आहेत. रस्त्यावरनं पहिलं काय दिसतं? हा ढिगारा. असं वाटतं, कुणाचं तरी घर पडलंय आणि कुणी उचललेलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ढिगारा? ज्या ढिगाऱ्यावर तू लहानाचा मोठा झालास तो? अरे, त्या ढिगाऱ्यानं माती धरली म्हणून तुझ्या ताटात दाणे पडले!"

"काकी, आता सगळीकडं सिमेंटचं आहे. दगडावर दगड ठेवणं हे आदिमानवाचं काम."

हॉटेलवाला मान डोलवत म्हणाला, "पण त्यालाच तर आता डिमांड आहे."

म्हणजे बघा, एक म्हणतो हे आदिमानवाचं म्हणून नको, दुसरा म्हणतो आदिमानवाचं म्हणूनच पाहिजे. आणि दोघांचं अगदी मस्त जमलेलं! दोन वर्षांमागं भावजींनी शेत पोराच्या नावावर करून दिलं होतं. आता नाही म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? त्यांनी पोटाशी धरलेला दगड बांधात नीट बसवला, चिप मारली, हलवून बघितला आणि घरी निघून गेले. उद्या उचलून नेणार हे माहीत असून बसवला. मला ते बघवलं नाही.

संध्याकाळी मी थोरल्या जाऊबाईंकडं गेले. म्हटलं, बाई समजूतदार आहे, पोराला चार शब्द सांगेल. आत पाऊल टाकलं आणि मी कुणा दुसऱ्याच्याच घरात शिरलेय असं वाटलं. शिसवी दरवाजा जाऊन लाकडाचा रंग दिलेला पत्र्याचा दरवाजा आला होता. लाकूड काढायचं आणि पत्र्यावर लाकूड रंगवायचं! तांब्याचा रांजण मोडीत गेलेला, त्याच्या जागी निळं पिंप. त्यातलं पाणी तोंडाला लावलं तर पिंपाचाच वास. भिंतीवर चोवीस तास धबधबा वाहणारं विजेचं चित्र, घरात नळाला मात्र पाणी नाही. कोपऱ्यात प्लॅस्टिकची फुलं, त्यांच्यावर पेरभर धूळ, आणि जाऊबाई त्यांना सकाळ-संध्याकाळ ओल्या फडक्यानं पुसणार. दारात खऱ्या फुलांचं झाड होतं, ते कचरा पडतो म्हणून तोडलं.

"बस की," जाऊबाई म्हणाल्या. "त्या सोफ्यावर बस."

सोफ्याचं प्लॅस्टिक काढलेलं नव्हतं. बसले तर बूड घसरलं.

"प्लॅस्टिक का ठेवलंय?"

"नवा राहतो."

"आणि बसायचं केव्हा?"

"बसायला आहे की पलीकडं चटई."

ह्या बाईला आता काय सांगणार? तरी सांगितलं. म्हटलं, "बाई, बांध काढू देऊ नका. सिमेंटची भिंत पाणी जाऊ देत नाही. पाणी अडलं की माती फुगते, आणि फुगलेली माती कुणाच्या बापाला ऐकत नाही."

"धाकटे," जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तीन ठिकाणी नकार आलाय पोराला. पहिल्या मुलीची आई म्हणाली, घर जुनाट आहे. मला रात्रंदिवस तेच ऐकू येतं. आता तुझा बांध घेऊन काय करू मी?"

एवढं त्या बोलल्या आणि माझा राग निम्मा उतरला. पण निम्माच.

चार दिवसांत मशीन आलं आणि सासऱ्यांनी आठ वर्षं रचलेला बांध दीड दिवसात ट्रॅक्टरमध्ये भरून गेला. दगडांवर हॉटेलवाल्यानं खडूनं नंबर टाकले होते, वरची बाजू खाली जाऊ नये म्हणून. शेवाळाला ओरखडा पडू नये म्हणून खाली गोणपाट अंथरलं होतं. आम्ही ते दगड पाठीवर वाहिले, तेव्हा आमच्या पाठीखाली कुणी गोणपाट अंथरलं नव्हतं. भावजी दोन्ही दिवस घरातनं बाहेर आले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, भिंतीकडं तोंड करून पडलेत, जेवा म्हटलं तर भूक नाही म्हणतात.

भिंत बांधायला गवंडी आला, तेव्हा मी खालच्या अंगाला माझी मिरचीची रोपं लावत होते. हातातली रोपं ठेवून मी त्याच्याकडं गेले.

"भोकं कुठं ठेवणार?"

"कसली भोकं, मावशी?"

"पाणी जायला. भिंतीला."

"मालकानं सांगितलं नाही."

"मालकाचं लग्न व्हायचंय, त्याचं डोकं ठिकाणावर नाही. तू गवंडी आहेस ना? मागं दोनशे घागरी पाणी साठलं तर ही तुझी वीतभर जाडीची भिंत उभी राहील का? खरं सांग."

गडी खरा होता. डोकं खाजवून म्हणाला, "नाही राहायची." आणि त्यानं चकाचकला न विचारता भिंतीच्या पायथ्याशी दोन-दोन पावलांवर पाइपाचे तुकडे बसवले. मी स्वतः मोजून घेतले. चाळीस होते. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले. म्हटलं, बांध गेला तो गेला, माती तरी राहील.

भिंतीला रंग लागला, तो गुलाबी. असा गुलाबी, की बघितल्यावर दात आंबावेत. आजूबाजूला काळी माती, करडा डोंगर आणि मधे ही ऐंशी पावलं गुलाबी. गुरं त्या बाजूला जाईनात. चकाचक मात्र तिच्यापुढं उभा राहून फोनवर स्वतःचे फोटो काढत होता, आणि निम्मं गाव येऊन हात लावून बघत होतं. "गुळगुळीत झालंय हो!" म्हणून मान डोलवत होतं. ज्यांचे बांध अजून दगडाचे होते, त्यांची तोंडं एवढीशी झाली. वरच्या अंगाचा दूधवाला तर तिथंच चकाचकला म्हणाला, "त्या हॉटेलवाल्याला आमच्याकडं पण पाठव की. आमचेही दगड जुने आहेत."

घर बघायला माणसं यायच्या दोन दिवस आधी पावसाळ्याची पहिलीच सर येऊन गेली. फार नाही, घटकाभर. पाइपांतून मातीचं पाणी ठिबकलं आणि गुलाबी भिंतीवर चाळीस ठिकाणी तांबूस ओघळ उतरले. मला बरं वाटलं. पाणी वाट काढत होतं. पण जाऊबाईंनी ते बघून कपाळाला हात लावला आणि चकाचक बादली न् ब्रश घेऊन दिवसभर भिंत घासत बसला.

मुलीकडची चार माणसं आली. मलाही बोलावणं होतं, काकी म्हणून. भावजींना मागच्या खोलीत बसवलं होतं. का, तर त्यांच्या बोटांची नखं दगडांनी चेपून काळी पडलीत, आणि ते बोलताना मधेच खोकतात. घरात जुनं म्हणून एवढंच उरलं होतं, तेही दाराआड लोटलं. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ते सोफा ज्यातून आला त्या खोक्यावर बसले होते.

"आले का?" त्यांनी विचारलं.

"आले."

"माणसं बरी आहेत का?"

"बरी दिसतात."

"मग मी इथंच बरा," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

बाहेर मुलीचा बाप गप्पा मारत होता. साधा माणूस, स्वतः शेतकरी. म्हणाला, "येताना त्या हमरस्त्याच्या हॉटेलात थांबलो. काय भिंत उभी केलीय हो पुढं! जुने दगड, वर शेवाळ. आमची मुलगी तर तिथनं हलेना. वीस फोटो काढले तिनं. असलं जुनं काम आता बघायलासुद्धा मिळत नाही. तुमच्याकडं नाहीत का असले दगड?"

मी चकाचककडं बघितलं. म्हटलं, आता तरी ह्याच्या डोक्यात प्रकाश पडेल, आता तरी म्हणेल, अहो ते आमच्याच आजोबांचे.

"छे, छे!" चकाचक म्हणाला. "आमच्याकडं जुनं काहीच नाही. सगळं नवीन."

मागच्या खोलीतला खोकला एकदम थांबला. मला त्या पोराची अशी शिसारी आली, की हातातली कपांची ताटली त्याच्या डोक्यात घालावी. तशीच बाहेर पडले आणि मोकळ्या हवेला म्हणून बांधाकडं गेले. तिथं बघते तर चाळीसच्या चाळीस पाइपांची तोंडं सिमेंटनं लिंपलेली. वरनं गुलाबी रंग. इतकं सफाईनं केलेलं, की पाइप कुठं होते ते हातानं चाचपून शोधावं लागलं.

आता माझी चूक सांगते. मी तिथूनच परत फिरून, पाहुण्यांसमोर त्याचा कान धरून, त्याला तिथं आणायला हवं होतं. पण जाऊबाईंचं ते 'तीन ठिकाणी नकार आलाय' कानात वाजलं आणि माझी जीभ लुळी पडली. पाहुणे जाईपर्यंत थांबले. त्यांनी होकार दिला. जाऊबाई रडल्या. मग मी चकाचकला बाजूला घेतलं.

"पाइप बुजवलेस?"

"ओघळ येत होते, काकी. सगळा शो जात होता."

"आत्ता फोड."

"साखरपुडा होऊ दे. त्यांचे सगळे नातेवाईक येणार आहेत. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पाऊस तुझ्या साखरपुड्याला विचारून येणार आहे का?"

"काकी, प्लीज. तोंडाशी आलेला घास आहे."

मी आठ दिवस दिले. मी दिले! हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पाऊस पाचव्या दिवशी दुपारी आला. आला तो असा, की समोरचं झाड दिसेना. एक तास झाला, दोन झाले. मी डोक्यावर पोतं घेऊन शेतात धावले, तर भावजी माझ्याआधी तिथं. हातात पहार, अंगावर धोतर चिकटलेलं, आणि भिंतीला कान लावून उभे.

"धाकटे, आत पाणी बोलतंय," म्हणाले.

वरच्या शेतात बघितलं, तर घोट्याएवढं पाणी तुंबलेलं. त्याखाली माती सायीसारखी हलत होती. दगडाचा बांध असता तर ह्या वेळेपर्यंत त्याला पोट सुटलं असतं, आम्हाला दिसलं असतं, आम्ही एका ठिकाणी वाट करून दिली असती. दगडाचा बांध आधी सांगतो. ही गुलाबी बया काही सांगेना. जशी होती तशी गुळगुळीत.

मी पहार घेतली आणि पाइपाच्या जागेवर घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला सिमेंट उडालं आणि पाइपातून पाणी असं सुटलं, की मी मागं पडले. उठून दुसऱ्या पाइपाकडं गेले. भावजी हातानं चाचपून सांगत होते, "हा इथं. आता हा इथं." चार फोडले. पाचव्याला घाव घातला आणि भिंतीच्या आत कुठंतरी काडकन आवाज झाला.

"पळ!" भावजी ओरडले, आणि स्वतः मात्र तिथंच उभे. एवढी वर्षं बांध सोडून जायची सवय नाही ना. मी त्यांना कमरेला धरून अक्षरशः ओढलं. दहा पावलं गेलो असू. भिंत मधोमध फुटली आणि दोन्हीकडं दार उघडावं तशी आडवी झाली. तिच्यामागनं माती आली. सासऱ्यांनी टोपली-टोपलीनं वाहिलेली, तिथं दाणा पिकावा म्हणून तीन माणसांनी उभं आयुष्य घातलेली माती, ती एवढ्या वेळात खाली आली जेवढ्यात मी हे सांगतेय. माझी मिरची कमरेएवढ्या चिखलाखाली गेली. वर खडक उघडा पडला. पाऊस त्याला धुऊन काढत होता, आणि खडक आता मात्र खरंच चकाचक दिसत होता.

भावजी चिखलात बसले. "दादांना काय सांगू?" एवढंच म्हणाले. दादा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन तीस वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी चकाचक हॉटेलवाल्याकडं गेला. मीही गेले. दगड परत दे म्हणायला. हॉटेलवाला वाईट वाटल्यासारखं करत म्हणाला, "आता कसे निघणार, ताई? मागनं सिमेंटमध्ये बसवलेत. आणि गिऱ्हाईक त्याच्यासाठीच थांबतं." बघितलं तर खरंच, आमच्या दगडांसमोर माणसं ओळीनं उभी राहून फोटो काढत होती. दगड बसवायची रीतच उलटी होती. लांबी आडवी, नुसती तोंडं चिकटवलेली. म्हटलं, चल इथनं.

गावातली दोन माणसं मला हळूच सांगून गेली, माती तुझ्या शेतात आलीय, तुझीच झाली, गप बस. खोटं कशाला बोलू, एक रात्र मी त्याचा विचार केला. तशीही माझी मिरची मेलीच होती. सकाळी उठून बांधावर गेले, तर भावजी आधीच तिथं. पडलेल्या गुलाबी भिंतीचा एक तुकडा उचलून तो फिरवून बघत होते. तीन ठिकाणी टेकतोय का, ते. तीन ठिकाणी टेकला की दगड हलत नाही.

"भावजी, हा काय दगड आहे का?"

"दगडच म्हणायचा. माणसानं केलेला," म्हणाले. "लांबी आहे ह्याला. बसेल."

मी पदर खोचला. भिंतीचे मोठे तुकडे पहारीनं सुटे केले, बारक्यांच्या चिपा केल्या. लांबी आत, तोंड बाहेर, अंग डोंगराकडं झुकतं. मागं मुरूम, त्याच्यामागं माती. माती माझ्या शेतातनं टोपलीनं वर. भावजी दगड बसवायचे आणि मी वाहायची. तिसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या. त्यांनी टोपली उचलली. साखरपुडा पुढं ढकलला, आणि सातव्या दिवशी चकाचक आला. त्याच्या हाताला पहिल्या दुपारीच फोड आले. एकवीस दिवसांत बांध छातीला आला. दिसायला असा, की कुणी शहाणा माणूस बघून तोंड फिरवेल. कुठं गुलाबी, कुठं करडा, मधेच पाइपाचा तुकडा डोकावतोय.

मग पुन्हा जोराचा पाऊस झाला, तसाच, दोन तासांचा. आम्ही चौघं खाली उभे. फटीफटीतून पाणी उतरलं. मी ओंजळीत घेऊन बघितलं. स्वच्छ होतं. त्यात माती नव्हती. भावजींच्या हातावर ओतलं. त्यांनी ते चेहऱ्याला लावलं.

ही बातमी गावात पसरली आणि दुसऱ्या दिवशी माणसं जमली. आणि तुम्हाला सांगते, चकाचक त्या बांधापुढं उभा राहून हातवारे करून सांगत होता, "नवीन पद्धत आहे ही. बिनसिमेंटची! आतापर्यंत कुठं केलेली नाही. पाणी पास होतं, माती पास होत नाही. एकदम चकाचक!" आणि ती शहाणी माणसं, ज्यांच्या स्वतःच्या शेतात शंभर वर्षं असलेच बांध उभे आहेत, ती तोंडाचा आ करून ऐकत होती. एकानं फोनवर त्याचं बोलणं भरून घेतलं. एक म्हणाला, "डोकं चालवलं पोरानं!"

भावजी शेजारी उभे होते. त्यांच्याकडं कुणाचं लक्षही नव्हतं. मला इतकी किळस आली, माणसाच्या जातीचीच किळस आली, की मी पुढं झाले. आता सगळं बोलणार होते. कुणाचं काम, कुणाची अक्कल, कुणी विकली, सगळं.

तेवढ्यात वरच्या अंगाचा दूधवाला गर्दीतनं माझ्यापाशी आला. "वहिनी, आम्हालाही अशी नवीन पद्धत करायची. उद्या हॉटेलवाल्याचा ट्रॅक्टर येतोय दगड न्यायला. ते गेले की जागा मोकळी होईल, मग लगेच सुरू करू. चालेल ना?"

शब्द माझ्या तोंडाशी आले होते. मी भावजींकडं बघितलं. वरच्या अंगाला दूधवाल्याचा बांध दिसत होता, कमरेला वाकलेला, करडा, धड उभा.

मी सगळं गिळलं. म्हटलं, "नवी पद्धत आहे खरी. पण तिला एक अट आहे."

"कसली?"

"दगड जुनेच लागतात. जेवढे जुने तेवढे चांगले. तुकड्यांवर आम्ही कसंबसं भागवलं, पण खरं काम जुन्या दगडातच होतं. ते विकलेस तर तुला ही पद्धत जमायची नाही."

दूधवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचे दगड चालतील?"

"चालतील म्हणजे? तुमच्यासारखे कुणाकडंच नाहीत."

त्यानं तिथल्या तिथं फोन लावला आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, येऊ नको, आमच्याकडं नवीन काम चालू होतंय. बाकीच्यांनी ऐकलं. दोघांनी लगेच आपापल्या घरी विचारलं, आपले दगड कुणाला कबूल केलेत का. केले असतील तर नाही म्हणून सांगा.

"मग ह्या नव्या पद्धतीत पहिलं काय करायचं?" दूधवाल्यानं विचारलं.

"पहिलं, पोट सुटलंय तेवढा तुकडा उतरवायचा," मी म्हटलं. "मग पुन्हा तोच बसवायचा."

"बस्स? आणि मग?"

"मग पुढच्या वर्षी परत."

तो मान डोलवत राहिला, फार मोठं काही ऐकल्यासारखा. भावजींनी पहार खांद्यावर घेतली आणि मला म्हणाले, "चल धाकटे, त्याला दाखवू." माझ्या तोंडाची चव अजून कडूच होती. मी टोपली उचलली आणि त्यांच्या मागं वर चढले.